सुई कोणी टोचायची? गडचिरोलीच्या बालमृत्यू-प्रयोगाची पार्श्वभूमी

गडचिरोलीच्या डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग या डॉक्टर दाम्पत्याची ओळख नव्याने करून द्यायला नको. परदेशात सार्वजनिक आरोग्य शिकून ते १९८६ मध्ये या नव्या जिल्ह्यात आले, तेव्हा त्यांच्या कामाच्या गावांत हजारामागे १२१ बाळं वर्षाच्या आत जात होती (१९८८ चा आकडा). न्यूमोनियावरच्या कामाने तो खाली आला, पण पहिल्या महिन्यातले मृत्यू हटेनात. खरा वाद तिथून सुरू झाला.

बाळंतपणं बहुतेक घरीच व्हायची. नवजात बाळाला जंतुसंसर्ग झाला तर दवाखान्यात न्या, असं सांगूनही फार थोडी कुटुंबं जात. रस्ता लांबचा, ओल्या बाळंतिणीने घराबाहेर पडायचं नाही हा रिवाज, आणि खर्च. मग ३९ गावांत जेमतेम शाळा शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. गुदमरलेल्या बाळाला श्वास देणं, ऊब राखणं, अंगावर पाजायला मदत करणं, इथपर्यंत कुणाची तक्रार नव्हती. पण संसर्गाची लक्षणं ओळखून या बायका जेंटामायसिन या प्रतिजैविकाचं (जंतू मारणाऱ्या औषधाचं) इंजेक्शनही देऊ लागल्या, आणि शहरातल्या डॉक्टरांना ते पचेना. डॉक्टर नाही, नर्सही नाही, आणि हातात सुई? आक्षेप अगदीच पोकळ नव्हता. डोस चुकला तर मूत्रपिंडाला आणि कानाला इजा करणारं हे औषध आहे. पण टीकाकारांच्या मनातला पर्याय होता चांगला दवाखाना. त्या गावांतला पर्याय होता काहीच नाही. आधी दवाखान्याचा सल्ला, तो नाकारला तर आईवडिलांच्या संमतीने इंजेक्शन, असा क्रम होता.

१९९९ मध्ये लंडनच्या नामांकित वैद्यकीय साप्ताहिकात निष्कर्ष आले. संसर्ग झालेल्या बाळांतलं मृत्यूचं प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ वर, आणि तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्यूंत तिसऱ्या वर्षापर्यंत सुमारे ६२ टक्के घट. बाकीची काळजी सुधारली त्याचा वाटा किती आणि सुईचा किती, हे या आकड्यांतून नेमकं वेगळं काढता येत नाही, हेही खरं.

२००५ मध्ये ‘आशा’, म्हणजे सरकारी योजनेतल्या गावोगावच्या आरोग्य कार्यकर्त्या, आल्या. २०११ मध्ये ‘घरच्या घरी नवजात बाळाची काळजी’ हा देशव्यापी कार्यक्रम झाला: दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे सहा भेटी, घरी जन्मलेल्याकडे सात, आशांना मोबदला एका बाळामागे २५० रुपये. घोळ इथेच होतो. नाव गडचिरोलीचंच राहिलं, पण सुई गळाली. आशांना ती दिलीच नाही. २०१४ मध्ये जेंटामायसिनची मुभा मिळाली ती नर्सबाईंना, तीही दवाखान्यात नेणं शक्य नसेल तरच. त्यामुळे ‘गडचिरोली मॉडेल देशभर राबवलं’ असं भाषणांत ऐकलं की कोणतं, असं विचारावंसं वाटतं.

पुढे डॉ. अभय बंग यांच्याच अध्यक्षतेखालच्या केंद्रीय समितीने २०१८ मध्ये आदिवासी आरोग्याचा अहवाल दिला. देशाच्या लोकसंख्येत आदिवासी ८.६ टक्के, पण मलेरियाच्या मृत्यूंत निम्मे, हा त्यातला आकडा. मथळ्यांत तोच गाजला.