शेतकरी आजोबांच्या दफनाला लष्कर का येतं?

अमेरिकेच्या मिडवेस्टात, म्हणजे आयोवा, मिनेसोटा, विस्कॉन्सिन अशा मका आणि दुभत्या गाईंच्या मुलखात, नव्वदी ओलांडलेले कुणी आजोबा गेले की गावच्या वर्तमानपत्रातलं निधनवृत्त बहुधा एकाच घाटाचं असतं. शेतावर जन्म, दोनेक वर्षं सैन्यात, मग लग्न, आयुष्यभर शेती नाहीतर कारखाना, मुलं-नातवंडं-पतवंडं, चर्च, ‘अमेरिकन लीजन’ या माजी सैनिकांच्या संघटनेचं सदस्यत्व. आणि शेवटी, दफन लष्करी सन्मानात होईल. साठ वर्षांच्या संसारापुढे दोन वर्षांची नोकरी ती केवढी! तरी थडग्यावरच्या दगडात नावाखाली कोरलं जातं ते सैन्यदल आणि युद्ध.

याचं एक कारण असं की इथे दुसरं महायुद्ध गावच्या गावाला भिडलं होतं. नॅशनल गार्डच्या, म्हणजे राज्याराज्यांच्या राखीव दलाच्या, तुकड्या गावागावांतून उभ्या राहत, त्यामुळे शेजारी, मेहुणे, एका वर्गातली मुलं एकाच तुकडीत असत. आयोवा, मिनेसोटा आणि दोन्ही डाकोटांची चौतिसावी ‘रेड बुल’ डिव्हिजन जानेवारी १९४२मध्ये अमेरिकेतून सर्वांत आधी युरोपकडे निघाली. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत ट्युनिशियात जर्मन रणगाड्यांनी तिची आयोवाची रेजिमेंट घेरली. मार्चमध्ये रेड ऑक या जेमतेम सहा हजार वस्तीच्या गावात ‘बेपत्ता’ अशा तारा येऊ लागल्या, त्या शंभरावर गेल्या. त्याआधी नोव्हेंबर १९४२मध्ये आयोवातल्याच वॉटर्लूच्या सलिव्हन घरातले पाचही भाऊ एकाच युद्धनौकेवर मारले गेले होते. (रेड बुलचा आपल्याशीही एक धागा आहे. १९४४च्या फेब्रुवारीत इटलीतल्या कॅसिनो गावाजवळच्या डोंगरावर ती थकली, तेव्हा तिच्या जागी पुढे सरकली ती चौथी भारतीय डिव्हिजन.)

दुसरं कारण पैशाचं. पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांना कबूल केलेल्या बोनससाठी १९३२मध्ये वॉशिंग्टनला तळ ठोकावा लागला आणि सरकारनं त्यांच्यावर लष्करच घातलं. ती नामुष्की पुन्हा नको होती. कॅन्ससमधल्या टोपीका इथले वकील आणि लीजनचे माजी अध्यक्ष हॅरी कोलमेरी यांनी मसुदा लिहिला, आणि २२ जून १९४४ रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टनी ‘जीआय बिल’ या सैनिकांसाठीच्या कायद्यावर सही केली. कॉलेजची फी, कारागिरीचं शिक्षण, घर किंवा शेतासाठीच्या कर्जाला हमी. १९५६पर्यंत ७८ लाख जणांनी यातून शिक्षण वा प्रशिक्षण घेतलं. शेतमजुराचा मुलगा मास्तर झाला, तो असा. कृष्णवर्णीय सैनिकांना मात्र कागदावर हक्क आणि बँकेत नकार, असाच अनुभव बहुतेकदा आला. त्या पिढीच्या सुबत्तेचं कौतुक वाचताना ही बाजू सोडून चालणार नाही.

दफनाच्या वेळचा मान मात्र वाटतो तितका जुना नाही. म्हणजे विधी जुना. ‘टॅप्स’ ही बिगुलावरची चोवीस सुरांची निरोपाची धून १८६२ची, यादवी युद्धातली. पण गावाकडे हा सोहळा करायचे ते लीजनचे म्हातारे सदस्यच, स्वतःच्या टोप्या घालून, जुन्या रायफली घेऊन. १९९०च्या दशकात महायुद्धाची पिढी झपाट्यानं जाऊ लागली आणि लष्करी तळ बंद होत होते, त्यामुळे माणसं पुरेनात. अखेर कायदा झाला. १ जानेवारी २०००पासून कुटुंबानं मागणी केल्यास किमान दोन गणवेशधारी सैनिक येतात, त्यातला एक मृताच्या दलातला. ध्वजाची त्रिकोणी घडी करून ते घरच्यांच्या हाती देतात आणि टॅप्स वाजते. बिगुल वाजवणारे तरी कुठून आणायचे? म्हणून बिगुलात बसणारं एक यंत्र निघालं. सैनिक बिगुल नुसता ओठांशी धरतो, वाजते ती ध्वनिमुद्रित धून. बंदुकीच्या तीन फैरी मात्र कायद्यानं बंधनकारक नाहीत, त्या अजूनही बहुधा लीजनवालेच झाडतात.

हे सगळं मिळायला पुरावा लागतो, सेवामुक्तीचा कागद. कोरियाच्या युद्धापासून तो ‘डीडी-२१४’ नावानं ओळखला जातो. आणि नेमकी इथेच अनेक घरं अडतात. १२ जुलै १९७३ रोजी सेंट लुईसजवळच्या सरकारी अभिलेखागाराला आग लागली आणि १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख सैनिकांच्या फायली गेल्या. १९१२ ते १९६० दरम्यान भूदलातून सुटलेल्यांच्या तर सुमारे ८० टक्के. त्यांच्या दुसऱ्या प्रती नव्हत्या. घरी परतल्यावर ज्यांनी आपला कागद काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, कचेरीत नोंदवून ठेवला, त्यांच्या मुलांना तो तिथे सापडतो. बाकीच्यांसाठी अभिलेखागारातले कर्मचारी पगाराच्या नोंदींवरून आणि इतर कार्यालयांतल्या कागदांवरून सेवेचा दाखला जुळवत बसतात.