शैवाल-जिवाणू जलशुद्धी

शैवाल आणि जिवाणू एकाच पाण्यात मुद्दाम वाढवून सांडपाण्यातील सेंद्रिय घाण, नायट्रोजन, फॉस्फरस आणि काही विषारी रसायने काढून टाकण्याची पद्धत. उघडे तलाव, वाहते चर, बंद पारदर्शक नळ्या अशी तिची रूपे वेगवेगळी असली, तरी मुळातला व्यवहार एकच. जिवाणू सांडपाण्यातील सेंद्रिय पदार्थांचे विघटन करतात. त्यासाठी त्यांना ऑक्सिजन लागतो आणि त्या क्रियेत कार्बन डायऑक्साइड, अमोनियम व फॉस्फेट मोकळे होतात. हेच शैवालाचे खाद्य. ते खाऊन शैवाल उन्हात वाढते आणि प्रकाशसंश्लेषणातून निघालेला ऑक्सिजन पाण्यात, थेट जिवाणूंच्या शेजारी सोडते.

सांडपाणी शुद्धीकरणाच्या रूढ पद्धतीत हा ऑक्सिजन यंत्राने पुरवावा लागतो. मँचेस्टरमध्ये १९१४ साली आर्डर्न आणि लॉकेट यांनी मांडलेली सक्रियित गाळ पद्धत (हवा सोडलेल्या टाकीत जिवाणूंच्या गाळाकडून पाणी शुद्ध करून घेण्याची) आज जगभर वापरात आहे; पण टाक्यांमध्ये हवा सोडणाऱ्या यंत्रांवरच अशा केंद्राची साधारण निम्मी वीज खर्च होते. शिवाय नायट्रोजन आणि फॉस्फरस काढायला वेगळे टप्पे लागतात. शैवाल हवेचे काम उन्हाच्या बळावर करते आणि ही दोन्ही पोषकद्रव्ये स्वतःच्या पेशींत साठवते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत विल्यम ऑसवाल्ड आणि हॅरल्ड गोटास यांनी १९५०च्या दशकात या कल्पनेला शास्त्रीय पाया दिला. त्यांच्या कामातून पुढे आलेला उच्च-वेगी शैवाल तलाव आजही या पद्धतीचा मुख्य नमुना मानला जातो. धावपट्टीसारखा लांबट वळसा, जेमतेम ३० सेंटिमीटरच्या आसपास खोली आणि पाणी संथ फिरते ठेवणारे पात्यांचे चाक, अशी त्याची रचना असते. खोली कमी ठेवण्याचे कारण साधे आहे: दाट शैवालातून प्रकाश त्याहून फार खाली उतरत नाही.

अशा तलावातले पाणी दिवसभर बदलत राहते. पहाटे विरघळलेला ऑक्सिजन जवळजवळ संपलेला असतो, कारण रात्री शैवालही जिवाणूंसारखेच श्वसनासाठी ऑक्सिजन वापरते. ऊन चढले की तो झपाट्याने वाढतो आणि दुपारी पाण्यात एरवी मावेल त्याच्या दुपटीपर्यंतही जाऊ शकतो. कार्बन डायऑक्साइड शोषला गेल्याने पाण्याचा सामू (पीएच) ९ किंवा १०च्याही वर चढतो. त्या अवस्थेत फॉस्फेट कॅल्शियमबरोबर साका होऊन खाली बसते आणि तीव्र उन्हाच्या जोडीने अनेक रोगजंतू मरतात. मात्र त्याच वेळी अमोनियमचा अमोनिया बनून तो वायुरूपाने हवेत निसटतो. त्याला शुद्धीकरण म्हणणे योग्य नाही. तो केवळ पाण्यातून हवेत गेलेला असतो. म्हणून काही ठिकाणी तलावात कार्बन डायऑक्साइड सोडून सामू ८च्या आसपास राखतात. त्यामुळे नायट्रोजन पेशींत शिरतो आणि शैवालाची वाढही चांगली होते.

या दोघांचे नाते केवळ वायूंपुरते नाही. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात तीनशेहून अधिक शैवाल-जाती तपासल्या गेल्या. त्यांपैकी सुमारे निम्म्या जातींना बी-१२ जीवनसत्त्व बाहेरून लागते आणि ते त्यांना जिवाणूंकडून मिळते, असे दिसून आले. पण सगळेच जिवाणू उपकारक नसतात. काही शैवालाच्या पेशी फोडून टाकतात.

या पद्धतीची खरी कसोटी शैवाल पाण्यातून वेगळे काढण्यात आहे, आणि नेमक्या याच टप्प्याकडे उत्साहाच्या भरात दुर्लक्ष होते. क्लोरेला किंवा सीनडेस्मस यांसारख्या सूक्ष्म शैवालांच्या पेशी काही मायक्रोमीटरच्या असतात. त्यांची घनता जवळजवळ पाण्याइतकीच, आणि पृष्ठभागावरील ऋण विद्युतभारामुळे त्या एकमेकींना दूर ढकलतात. त्यामुळे त्या तळाशी बसत नाहीत. असे हिरवे पाणी तसेच नदीत सोडले, तर शैवाल तिथे मरून कुजते, नदीतला ऑक्सिजन खाते आणि साठवलेले नायट्रोजन-फॉस्फरस परत मोकळे करते. इथे जिवाणू पुन्हा उपयोगी पडतात. त्यांनी स्रवलेल्या चिकट शर्करा-साखळ्यांत शैवालाच्या पेशी अडकून गुठळ्या बनतात. खाली बसलेल्या गुठळ्यांचा काही भाग तलावात परत सोडत राहिले, की लवकर बसणाऱ्या जातींचे प्राबल्य वाढते. गोळा झालेला गाळ हवाविरहित टाकीत कुजवून बायोगॅस मिळवता येतो. स्पेनमधील चिक्लाना दे ला फ्रोन्तेरा येथे शहराच्या सांडपाण्यावर वाढवलेल्या शैवालापासून बनवलेल्या वायूवर मोटारीही चालवून पाहिल्या गेल्या.

औद्योगिक सांडपाण्यात या जोडीचा एक खास फायदा आहे. फिनॉलसारख्या प्रदूषकांचे विघटन मुख्यतः जिवाणू करतात. शैवाल त्यांना ऑक्सिजन पुरवते. यंत्राने जोरात हवा सोडली, तर बाष्पनशील प्रदूषके न विघटता हवेत उडून जातात. शैवालाच्या मंद पुरवठ्यात तो धोका बराच कमी होतो. मात्र विषारी पदार्थांचा फटका सहसा जिवाणूंच्या आधी शैवालाला बसतो, म्हणून तीव्र सांडपाणी आधी पाणी घालून विरळ करावे लागते. १९९१च्या आखाती युद्धात तेलाने माखलेल्या किनाऱ्यांवर सायनोबॅक्टेरियाचे (प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या जिवाणूंचे) जाड थर पसरले. त्या थरांत राहणारे इतर जिवाणू तेलाचे विघटन करतात, असे पुढील अभ्यासांत आढळले. जड धातूंचे मात्र वेगळे आहे: शिसे, कॅडमियम, तांबे पेशीभित्तिकांना चिकटतात, पण नष्ट होत नाहीत. तो गाळ खत म्हणून शेतात टाकणे धोक्याचे असते. धातू वेगळे काढावे लागतात किंवा गाळाची सुरक्षित विल्हेवाट लावावी लागते.

ही पद्धत वीज वाचवते, पण त्या बदल्यात जागा मागते: रूढ केंद्रापेक्षा तलावांना कितीतरी अधिक जमीन लागते. थंड प्रदेशांत हिवाळ्यात ऊन आणि तापमान दोन्ही घटल्याने काम मंदावते. तलावात रोटिफर किंवा पाणपिसवा यांसारखे शैवाल खाणारे सूक्ष्म प्राणी शिरले, तर काही दिवसांतच ते शैवाल फस्त करतात. त्यामुळे तलाव चालवणाऱ्यांना पाण्याचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली वरचेवर तपासावा लागतो.