मिरपूड पळाली म्हणून जंतू पळत नाहीत

परवा तिसरीतल्या पुतणीने मला प्रयोग करून दाखवला. बशीत पाणी, त्यावर भुरभुरलेली मिरपूड. साबण लावलेलं बोट तिने मधोमध टेकवलं आणि मिरपूड झर्रकन कडेला गेली. "काका, बघ, जंतू कसे घाबरले!"

२०२० मध्ये या प्रयोगाचे व्हिडिओ घरोघरी पोचले. त्यानिमित्ताने मुलं हात धुतात, म्हणून मी गप्प बसतो. पण त्यात दिसतं ते पृष्ठताणाचं काम. पाण्याचा पृष्ठभाग ताणलेल्या पडद्यासारखा वागतो. साबण टेकला तिथे तो ताण सैल पडतो, कडेचं पाणी वरचा थर आपल्याकडे ओढून घेतं आणि मिरपूड त्याच्यासोबत वाहत जाते. कडेला गेलेली मिरपूड बशीतच असते, एक कणही कमी होत नाही.

खरी गंमत साबणाच्या रेणूत आहे. त्याला एक डोकं आणि एक शेपूट. शेपूट म्हणजे साधारण १२ ते १८ कार्बन अणूंची साखळी. तिचं तेलाशी सूत जुळतं, पाण्याशी मात्र उभा दावा. डोक्यावर ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे ते पाण्यात रमतं. तळहाताला स्वतःच्या तैलग्रंथी नसतात, पण चेहरा आणि केस यांवरचं तेल दिवसभर तिथे येतच असतं. त्या तेलकट थरात जंतू रुतून बसतात. नुसतं पाणी त्यावरून घरंगळून जातं. साबणाचे रेणू मात्र शेपट्या तेलात खुपसतात, तेलाचा बारीक थेंब सुटा करतात आणि त्याला घेरतात. शेपट्या आत, डोकी बाहेर. या गोळ्याला मिसेल म्हणतात. पाण्यात साबणाचं प्रमाण ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्यावरच मिसेल तयार होतात. सगळ्या मिसेलांची बाहेरची बाजू ऋणभारित, त्यामुळे ते एकमेकांना दूर लोटतात. थेंब पुन्हा एकत्र येत नाहीत आणि पाण्याबरोबर वाहून जातात.

करोना किंवा इन्फ्लुएन्झाच्या विषाणूवर मेदाचं दुपदरी आवरण असतं, आणि त्या आवरणाचे रेणूही असेच डोकं-शेपटीवाले. साबणाची शेपूट त्यांच्यात पाचर मारते, आवरण फाटतं, विषाणू निकामी होतो. म्हणजे इथे साबण मारतोसुद्धा. पण उलट्या-जुलाब घडवणाऱ्या नोरोव्हायरसला असं आवरण नाही, नुसतं प्रथिनांचं कवच. साबण ते फोडत नाही, फक्त विषाणूला हातावरून सोडवतो. पुढचं काम चोळण्याचं आणि वाहत्या पाण्याचं. अल्कोहोलच्या जेलवर इथे फार विसंबता येत नाही, कारण जेल हातावरून काहीच वाहून नेत नाही.

म्हणूनच 'जंतुनाशक' साबणांच्या जाहिरातींवर माझा राग आहे. "९९.९ टक्के जंतू मारतो" म्हणजे दहा लाखांतले हजार उरतातच, आणि नोरोव्हायरसचे थोडेसे कणही आजारी पाडायला पुरतात. ट्रायक्लोसान आणि आणखी १८ रसायनं असलेल्या अशा साबणांची विक्री थांबवण्याचा आदेश अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१६ मध्ये काढला. साध्या साबणापेक्षा ते सरस आहेत, हे उत्पादकांना दाखवता आलं नव्हतं.

साधा साबण अपुरा पडल्याचं गाजलेलं उदाहरणही आहे. व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरच्या लक्षात आलं, की शवविच्छेदन करून आलेल्या डॉक्टरांच्या हातांना साबणाने धुतल्यावरही प्रेताचा वास राहतो. जंतूंमुळे रोग होतात हा सिद्धांत तेव्हा रूढ झालेला नव्हता. त्याने वास घालवायला म्हणून क्लोरिनयुक्त चुन्याचं पाणी निवडलं. एप्रिल १८४७ मध्ये बाळंतिणींच्या मृत्यूचं प्रमाण १८ टक्क्यांच्या वर होतं, जूनमध्ये ते सुमारे २ टक्क्यांवर आलं. तरी सहकाऱ्यांना ते पटलं नाही.

तर हात वीस सेकंद धुवा, असं का सांगतात? रेणूंना तेलात शिरायला वेळ लागतो आणि सगळीकडे चोळायलाही. अंगठा आणि बोटांची टोकं हमखास राहतात. तळहातावर तळहात चोळून आपण मोकळे होतो, आणि नाक-डोळ्यांना लागतात ती नेमकी बोटांची टोकं. गरम पाण्याचा मात्र हट्ट नको. हाताला सोसेल एवढ्या गरम पाण्याने जंतू मरत नाहीत, कातडी तेवढी कोरडी पडते.

आणि हात पुसा. ओल्या हातावरून जंतू इकडून तिकडे जास्त सहज जातात. पुतणी प्रयोग संपवून ओल्या हातांनी थेट माझ्या फोनकडे वळली होती.