ओव्हरड्राफ्टमधून सुटायचं तर आधी खातं बदला

युनिव्हर्सल क्रेडिट, म्हणजे सरकारचा महिन्याचा भत्ता, जमा झाल्याचा मेसेज येतो, माणूस बँकेचं ॲप उघडतो आणि शिल्लक अजून उणेच असते, कारण खात्यात नसलेले पैसे बँकेने आधीच उधार वापरू दिलेले असतात, म्हणजे ओव्हरड्राफ्ट. मानसिक आजारामुळे काम सुटलेल्या आणि बेनिफिटवर राहणाऱ्या ब्रिटनमधल्या कितीतरी जणांचा महिना असाच सुरू होतो. त्यात आपली मराठी माणसंही आहेत. मंडळाच्या गणपतीत हे कुणी बोलत नाही, एवढंच.

हिशेब मांडून बघा. खातं उणे १,२०० पौंडांवर आहे. ४०० जमा झाले, उणे ८०० झालं. महिनाभर खायचं त्याच ४०० मधून, म्हणजे महिनाअखेर पुन्हा उणे १,२००. शिवाय व्याज आहेच. एप्रिल २०२० मध्ये बँकांवर देखरेख ठेवणाऱ्या फायनान्शियल कंडक्ट ऑथॉरिटीने ओव्हरड्राफ्टवरचे रोजचे-महिन्याचे ठोक चार्ज बंद करून एकच वार्षिक दर लावायला सांगितलं आणि बहुतेक मोठ्या बँकांनी तो दर ४० टक्क्यांच्या आसपास नेऊन ठेवला. ३९.९ टक्क्यांनी १,२०० पौंडांवर महिन्याला साधारण ३४ पौंड जातात. २०२५-२६ मध्ये पंचवीस किंवा जास्त वयाच्या एकट्या माणसाचा युनिव्हर्सल क्रेडिटचा मूळ भत्ता महिना ४००.१४ पौंड होता. म्हणजे सरकारने जगायला दिलेल्यातला बारावा हिस्सा नुसत्या व्याजात. यात उधळेपणा कुठे आला?

यातून बाहेर पडायचे कायदेशीर मार्ग आहेत आणि त्यासाठी एक पेनीही द्यावी लागत नाही. पण क्रम चुकला तर त्रास होतो. पुढची माहिती इंग्लंड आणि वेल्सपुरती आहे. स्कॉटलंडचे कायदे वेगळे, तिथे सहा महिन्यांची स्थगिती मिळते आणि अर्जही निराळा असतो.

पहिलं काम नव्या खात्याचं

कर्ज माफ होईल की नाही, हप्ता किती बसेल, हे सगळं नंतर. आधी तुमचा भत्ता त्या बँकेतून बाहेर काढा. ज्या बँकेचं तुम्ही देणं लागता तिच्याच खात्यात पैसे येत असतील तर ते परस्पर थकबाकीकडे वळवायचा हक्क तिला असतो. त्याला सेट-ऑफ म्हणतात. शिवाय पुढे कर्जमुक्तीचा अर्ज मंजूर झाला की ती बँक बहुधा खातंच गोठवते. त्या दिवशी तुमचं भाडं त्याच खात्यातून जायचं असेल तर काय होईल, ते सांगायला नको.

नवी बँक निवडताना पाटी बघू नका, मालक बघा. लॉइड्सचं कर्ज असेल तर हॅलिफॅक्स चालणार नाही, दोन्ही एकाच ग्रुपच्या. नॅटवेस्ट आणि रॉयल बँक ऑफ स्कॉटलंड यांचं तेच, एचएसबीसी आणि फर्स्ट डायरेक्ट यांचंही तेच.

मागायचं ते ‘बेसिक बँक अकाउंट’. देशातल्या नऊ मोठ्या बँकांना ते मोफत द्यावंच लागतं. त्यात ओव्हरड्राफ्ट नसतो, डायरेक्ट डेबिट (खात्यातून आपोआप जाणारं बिल) परत गेलं तरी दंड नसतो, आणि क्रेडिट रेकॉर्ड खराब आहे म्हणून नाकारता येत नाही. काउंटरवरची मंडळी कधीकधी साधं करंट अकाउंट पुढे करतात आणि त्याचा अर्ज क्रेडिट रेकॉर्डमुळे फेटाळला जातो. म्हणून नाव घेऊनच मागा. कागद म्हणून पासपोर्ट किंवा ई-व्हिसा आणि पत्त्याचा पुरावा. पत्त्यासाठी बेनिफिट मंजुरीचं पत्र बऱ्याच ठिकाणी चालतं.

खातं आपोआप हलवून देणारी ‘स्विच’ सेवा मात्र वापरू नका. तिच्यात जुनं खातं बंद होतं आणि बंद करायचं तर ओव्हरड्राफ्ट आधी फेडा, असा प्रश्न समोर येतो. नवं खातं स्वतंत्र उघडा. युनिव्हर्सल क्रेडिटच्या ऑनलाइन खात्यात बँकेचा तपशील बदला, पिपसाठी (पर्सनल इंडिपेंडन्स पेमेंट, आजार किंवा अपंगत्वाचा भत्ता) फोन करून कळवा. मग भाडं, कौन्सिल टॅक्स, वीज-गॅस यांची डायरेक्ट डेबिट एकेक करून हलवा. एका दिवसात होत नसेल तर रोज एक.

पुढचा भत्ता परवावरच आला असेल आणि तपशील बदलायला वेळ नसेल, तर जुन्या बँकेला लेखी कळवता येतं: अमुक तारखेला जमा होणारे अमुक पौंड फक्त भाडं, वीज आणि अन्नासाठी, मी सांगेन तसेच वापरावेत. याला ‘फर्स्ट राइट ऑफ अप्रोप्रिएशन’ म्हणतात. पत्र पैसे जमा होण्याआधी पोचलं पाहिजे आणि त्यात रक्कम स्पष्ट हवी. ही मलमपट्टी आहे, खरा उपाय नवं खातंच.

साठ दिवसांची उसंत

खातं झालं की सल्लागार गाठा. स्टेपचेंज, नॅशनल डेटलाइन, सिटिझन्स ॲडव्हाइस या संस्था फी घेत नाहीत. सोशल मीडियावर ‘सरकारी योजनेत कर्ज माफ’ म्हणून ज्या जाहिराती फिरतात त्यांच्यामागे बहुतेक वेळा आयव्हीए विकणारे दलाल असतात. पाच-सहा वर्षं हप्ते भरायचा तो करार असतो आणि त्यात फीही कापली जाते. भत्त्यावर जगणाऱ्या माणसाला तो क्वचितच परवडतो.

फोनवर बोलणं जमत नसेल तर स्टेपचेंजचं काम ऑनलाइनही होतं. बहीण, नवरा, मित्र कुणीही तुमच्या लेखी संमतीने तुमच्या वतीने बोलू शकतो. न उघडलेली पाकिटं पिशवीत तशीच घेऊन गेलात तरी चालतं, सल्लागारांना त्याचं काही वाटत नाही.

सल्लागार ‘ब्रीदिंग स्पेस’साठी अर्ज करू शकतो. ४ मे २०२१ पासून ही योजना लागू आहे. पात्रता साधी आहे: तुम्ही इंग्लंड किंवा वेल्समध्ये राहता, कर्ज फेडणं जमत नाही, आधीच दिवाळखोरी, आयव्हीए किंवा डेट रिलीफ ऑर्डरमध्ये (कर्जमाफीचा आदेश, त्याबद्दल पुढे) नाही, आणि गेल्या बारा महिन्यांत ही सवलत घेतलेली नाही. मंजूर झाली की ६० दिवस ओव्हरड्राफ्ट, क्रेडिट कार्ड, कर्ज, भाड्याची आणि विजेची थकबाकी यांवरचं व्याज आणि चार्ज थांबतात, वसुलीचे फोन थांबतात, कोर्टाची वसुलीही थांबते. पंचविसाव्या ते पस्तिसाव्या दिवसादरम्यान सल्लागार आढावा घेतो. चालू महिन्याचं भाडं आणि बिलं मात्र भरत राहावी लागतात. विद्यार्थी कर्ज, कोर्टाचा दंड, मुलांच्या पोटगीची रक्कम यांना हे संरक्षण नाही.

याचाच दुसरा प्रकार मानसिक आरोग्याच्या संकटासाठी आहे. २०१६ मध्ये मार्टिन लुइस यांनी सुरू केलेल्या मनी अँड मेंटल हेल्थ पॉलिसी इन्स्टिट्यूटने त्यासाठी मोठा आग्रह धरला होता. इथे ६० दिवसांची मर्यादा नाही. संकटकाळातले उपचार चालू असेपर्यंत आणि त्यानंतर आणखी ३० दिवस संरक्षण राहतं, आणि ते कितीही वेळा घेता येतं. मधला आढावा नाही.

अट एकच, पण कडक. उपचार ‘संकटकाळातले’ असले पाहिजेत: मेंटल हेल्थ ॲक्टखाली रुग्णालयात ठेवलेलं असणं, पोलिसांनी सुरक्षित जागी नेलेलं असणं, किंवा क्राइसिस टीमसारख्या तज्ज्ञ सेवेकडून तातडीचे उपचार चालू असणं. जीपीकडून, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडून, मिळणाऱ्या रोजच्या गोळ्या यात बसत नाहीत. तशा वेळी साधी ब्रीदिंग स्पेस घ्यायची.

दाखला देतो ‘अप्रूव्ह्ड मेंटल हेल्थ प्रोफेशनल’, म्हणजे स्थानिक कौन्सिलने मान्यता दिलेला सोशल वर्कर, नर्स किंवा तत्सम माणूस. जीपीचा किंवा सायकिॲट्रिस्टचा दाखला इथे चालत नाही, यात बरेच जण अडकतात. अर्ज मात्र रुग्णाने स्वतःच करायला हवा असं नाही. काळजी घेणारा नातेवाईक, केअर कोऑर्डिनेटर, वॉर्डवरची मानसोपचार नर्स, कुणीही पाऊल उचलू शकतं. नातेवाईकाने वॉर्डवर जाऊन एवढंच विचारावं: ब्रीदिंग स्पेसचा फॉर्म कोण भरेल? नंतर सल्लागार दर २० ते ३० दिवसांनी वॉर्डशी किंवा टीमशी संपर्क करून उपचार चालू आहेत का ते बघतो. पुण्याहून फोन करणाऱ्या आईवडिलांना यातली बोलणी अवघड जातात. एनएचएसमध्ये दुभाषी मागता येतो, मागायला लाजू नका.

कर्जच पुसायचं असेल तर

उसंत म्हणजे माफी नव्हे. माफी मिळते ‘डेट रिलीफ ऑर्डर’मधून. लोक तिला डीआरओ म्हणतात. एप्रिल २०२४ पर्यंत तिला ९० पौंड फी होती, ती रद्द झाली. २८ जून २०२४ पासून मर्यादाही वाढल्या. आता एकूण कर्ज ५०,००० पौंडांपर्यंत चालतं, ४,००० पौंडांपर्यंतची एक गाडी ठेवता येते, बाकीची मालमत्ता २,००० पौंडांपर्यंत हवी आणि गरजेचा खर्च वजा जाता महिन्याला हातात ७५ पौंडांपेक्षा जास्त उरता कामा नये. स्वतःचं घर नको. गेल्या सहा वर्षांत आधीची डीआरओ नको. अर्ज स्वतः करता येत नाही, मान्यताप्राप्त मध्यस्थामार्फतच करावा लागतो, आणि वर सांगितलेल्या संस्थांकडे असे मध्यस्थ असतात. बारा महिने कुणी वसुली करत नाही आणि वर्ष संपलं की कर्ज पुसलं जातं. क्रेडिट रेकॉर्डवर नोंद सहा वर्षं राहते. फसवणुकीची नसेल तर बेनिफिटची चुकून जास्त मिळालेली रक्कमही यात घालता येते. भाड्याची थकबाकीही घालता येते, पण घरमालक तेवढ्यावरून घर सोडायला लावण्यासाठी कोर्टात जाऊ शकतो, हे आधी लक्षात घ्या.

आपल्या लोकांसाठी खरा अडथळा ‘बाकीची मालमत्ता २,००० पौंड’ हा आहे. मालमत्ता फक्त ब्रिटनमधली मोजतात, असं नाही. साताऱ्याच्या सातबाऱ्यावर भावांबरोबर तुमचं नाव असेल, डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये हिस्सा असेल, बँकेत एफडी असेल, लॉकरमध्ये सोनं असेल, तर ते सांगावं लागतं. ‘वडिलोपार्जित आहे, मला कधी मिळणार नाही’ हे तुमचं म्हणणं सल्लागारापुढे ठेवा, पण लपवू नका. लपवलेलं उघड झालं तर ऑर्डर रद्द होते आणि अडचण वाढते. अर्जाच्या तोंडावर ती जमीन घाईघाईने भावाच्या नावावर करणं तर त्याहून वाईट. अशा वेळी दिवाळखोरी किंवा बँकेशी ठरवलेला छोटा हप्ता हा मार्ग योग्य ठरू शकतो. दिवाळखोरीच्या अर्जाची फी ६८० पौंड आहे.

दुसरा अडथळा जॉइंट खात्याचा. नवराबायकोच्या जॉइंट खात्यातल्या ओव्हरड्राफ्टसाठी दोघंही पूर्ण रकमेला जबाबदार असतात. एकाची डीआरओ झाली की बँक उरलेल्याकडे सगळी रक्कम मागते. म्हणून दोघांनी मिळून सल्ला घ्या.

वर्क किंवा स्टुडंट व्हिसावर ‘पब्लिक फंड्स नाहीत’ असा शिक्का असेल तर युनिव्हर्सल क्रेडिट आणि पिप मिळत नाही. कर्जाचा सल्ला, ब्रीदिंग स्पेस आणि डीआरओ ही बेनिफिटं नाहीत, त्यामुळे ती दारं बंद नाहीत.

कागद

तीन महिन्यांची सगळ्या खात्यांची स्टेटमेंट, युनिव्हर्सल क्रेडिटचं ताजं स्टेटमेंट, पिपचं मंजुरीपत्र, भाडेकरार, कौन्सिल टॅक्सचं बिल, गाडी असेल तर लॉगबुक. डीआरओसाठी एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि ट्रान्सयुनियन या तिन्हींचे क्रेडिट रिपोर्ट लागतात, ते फुकट मिळतात. भारतातल्या मालमत्तेचे उतारे असतील तर त्यांचा इंग्रजीत थोडक्यात सारांश करून ठेवा, मध्यस्थाला सातबारा वाचता येत नाही.

आजाराचा पुरावा म्हणून ‘डेट अँड मेंटल हेल्थ एव्हिडन्स फॉर्म’ असतो. बँकेला आजार कळवून व्याज थांबवायला, वेळ मागायला तो उपयोगी पडतो. तो जीपी, नर्स किंवा सोशल वर्कर भरतो, तुमच्या सहीची संमती लागते. ऑक्टोबर २०१९ पासून इंग्लंडमध्ये जीपीला त्याचे पैसे घेता येत नाहीत. रिसेप्शनवर पैसे मागितले तर हे शांतपणे सांगा. बँकेने तरीही ऐकलं नाही, किंवा वर्षानुवर्षं तुम्ही उण्यातच आहात हे दिसत असून ओव्हरड्राफ्ट वाढवत नेला असेल, तर आधी बँकेकडे लेखी तक्रार करा. आठ आठवड्यांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर बँकांविरुद्धच्या तक्रारी सोडवणाऱ्या फायनान्शियल ओम्बड्समनकडे जाता येतं. तेही मोफत.

पिप अजून घेतलं नसेल तर त्याच्या फॉर्ममधला एक प्रश्न पैशाच्या निर्णयांचा आहे. आजाराच्या काळात तुम्ही पाकिटं उघडत नाही, उत्साहाच्या झटक्यात खरेदी करता, बिलं दुसऱ्याला भरावी लागतात, हे तिथे तारखांसह लिहा. गुण त्यावर मिळतात. फक्त डीआरओचं वर्ष चालू असताना पिप मंजूर होऊन मागची थकलेली रक्कम एकदम जमा झाली, तर ती खर्च करण्याआधी मध्यस्थाला आणि ऑफिशियल रिसीव्हरला (डीआरओ मंजूर करणारा सरकारी अधिकारी) कळवा.