कांपेलचा न कुजलेला उमराव

बर्लिनच्या वायव्येला, ब्रांडेनबुर्गच्या सपाट शेतीच्या मुलखात कांपेल नावाचं छोटं खेडं आहे. तिथल्या दगडी चर्चला लागून एक खोली आहे. हा कालबुट्झ या जमीनदार घराण्याचा दफनकक्ष. १७९४ साली चर्चची डागडुजी निघाली, तेव्हा घराण्याची तिथली शाखा संपलेली होती. म्हणून जुन्या शवपेट्यांतले अवशेष मातीत पुरायचं ठरलं. बाकीचे देह कुजून गेले होते. १७०२ साली वारलेल्या क्रिस्टिआन फ्रीडरिश फॉन कालबुट्झचं शरीर मात्र कातडीसकट शाबूत निघालं.

गावाकडे याचं उत्तर तयार आहे. या उमरावावर एका मेंढपाळाच्या खुनाचा आरोप होता. 'मी खुनी असेन तर माझा देह कधीच कुजू नये,' अशी शपथ घेऊन तो सुटला, अशी आख्यायिका. न कुजलेला देह म्हणजे गुन्ह्याचा पुरावाच! मला हा न्याय फार क्रूर वाटतो. ज्याला आता बाजू मांडता येत नाही, त्याला ओलाव्याच्या हिशोबावरून दोषी ठरवायचं?

कारण हिशोब खरोखर ओलाव्याचाच आहे. माणसाच्या शरीरात साधारण ६० टक्के पाणी असतं. मृत्यूनंतर पेशींमधली विकरंच (एन्झाइम्स, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिनं) पेशी फोडू लागतात, मग आतड्यातले जिवाणू बाहेर पसरतात. या दोघांनाही पाणी लागतं. शरीर कुजण्याआधी पुरेसं वाळलं, तर त्यांचं काम थांबतं. चैत्रातलं वाळवण टिकतं आणि श्रावणातलं बुरसतं, तसंच हे.

कालबुट्झ वारला नोव्हेंबरमध्ये. थंडीत जिवाणूंची वाढ मंदावते आणि अंडी घालणाऱ्या माश्याही फारशा फिरकत नाहीत. अळ्या लागल्या नाहीत, तर वाळायला अवधी मिळतो. तो दीर्घ आजाराने खंगलेला असावा, असाही तर्क केला गेला आहे. तसं असेल तर शरीरात चरबी आणि मांस कमी, म्हणजे वाळायला लागणारा वेळही कमी. रुडॉल्फ फिरखो आणि फर्डिनांड झाउअरब्रुख या नामवंत डॉक्टरांनीही हा देह तपासला होता. मसाले भरून तो टिकवल्याच्या खुणा त्यांना सापडल्या नाहीत.

मग त्याच खोलीतले बाकीचे का कुजले? एकाच छपराखाली प्रत्येक शवपेटीचं हवामान निराळं असतं. लाकूड किती जाड, फटी किती, आत किती ओल शोषली जाते, मृत्यू कोणत्या ऋतूत झाला, यांतला एखादा घटक बदलला तरी निकाल फिरतो.

पण सगळ्यांत मोठं कारण सामाजिक आहे, आणि त्याच्याकडे सहसा दुर्लक्ष होतं. गावातली साधी माणसं चर्चच्या आवारात ओल्या मातीत पुरली जात. तिथे जिवाणू, बुरशी, कीटक सगळेच कामाला लागतात. उमरावांना मात्र जमिनीवरच्या कोरड्या खोलीत, हवेत ठेवलं जाई. त्यामुळे युरोपभर अशा घराण्यांच्या दफनकक्षांत नैसर्गिक ममी सापडतात.

आज कालबुट्झ काचेखाली आहे आणि लोक त्याला पाहायला येतात. पण प्रत्येकाच्या श्वासाबरोबर खोलीत थोडी वाफ सुटते. कोरड्या कातडीने ती शोषली तर बुरशीला पुन्हा वाव मिळतो, म्हणून अशा ठिकाणी हवेतल्या दमटपणावर सतत लक्ष ठेवावं लागतं.