राजमुद्रा आणि राष्ट्रीय प्रतीक: नाण्यावर कोणाचं काम काय?

नाण्याचं डिझाइन ठरवताना राजमुद्रा आणि राष्ट्रीय प्रतीकं एकाच यादीत टाकली की पुढे घोळ सुरू होतो. वाघ, मोर, कमळ ही भारताची राष्ट्रीय प्रतीकं. सारनाथच्या अशोकस्तंभावरून घेतलेली सिंहमुद्रा ही राजमुद्रा. नाणं कोणाचं हे राजमुद्रा सांगते, म्हणून ती निवडायची नसते, नीट बसवायची असते. प्रतीक मात्र निवडावं लागतं, आणि नाणं कितीचं हे ओळखायला त्याची मदत झाली पाहिजे.

आयर्लंडने १९२८ मध्ये हे फार स्वच्छ केलं. कवी येट्स यांच्या समितीने निवडलेल्या नाण्यांवर एका बाजूला सगळीकडे हार्प हे तंतुवाद्य, म्हणजे आयर्लंडची राजमुद्रा, दुसऱ्या बाजूला प्रत्येक किमतीला वेगळा प्राणी: अर्ध्या क्राउनवर घोडा, फ्लोरिनवर सामन मासा, पेनीवर पिल्लांसह कोंबडी. युरो आल्यावर मात्र आठही नाण्यांवर हार्पच. प्राणी का गेले म्हणून हळहळणारे एक विसरतात: युरोच्या सामाईक, म्हणजे सगळ्या देशांत सारख्या असणाऱ्या बाजूवर किंमत ठळक असते, त्यामुळे किंमत ओळखू देण्याचं प्राण्यांचं काम उरलंच नव्हतं. जर्मनीने मधला मार्ग काढला. १ आणि २ युरोवर राजमुद्रेतला गरुड. १०, २०, ५० सेंटवर ब्रांडेनबुर्ग गेट. १, २, ५ सेंटवर ओकची डहाळी.

राजमुद्रेची अडचण तपशिलाची. भारताच्या मुद्रेत समोरून दिसणारे तीन सिंह, खालच्या पट्टीवर मधोमध चक्र, उजवीकडे बैल, डावीकडे घोडा, आणि त्याखाली 'सत्यमेव जयते'. यातलं काही गाळायची मुभा नाही. २०२० पासूनच्या मालिकेत रुपयाचं नाणं २० मिलिमीटरचं. त्यावर हे सगळं, शिवाय मुद्रेच्या डावीकडे आणि उजवीकडे देशाचं नाव. ठशात, म्हणजे नाणं पाडायच्या साच्यात, वंगण साचलं की बारीक अक्षरं भरून जातात आणि नाण्यावर उमटतच नाहीत. दुसरा दोष त्याहून फसवा. सिंहांच्या उंच छातीच्या बरोब्बर मागे दुसऱ्या बाजूलाही उंच भाग आला, तर चकतीतला धातू दोन्हीकडे पुरत नाही आणि एक बाजू पुसट उमटते. म्हणून मुद्रेच्या उंचवट्यामागे शक्यतो सपाट जागा ठेवावी. काठ चित्रापेक्षा थोडा उंच हवा, नाहीतर पहिली झीज सिंहांच्या तोंडांची.

प्रतीकाची अडचण अर्थाची असते. २००५ च्या सुमारास भारतीय नाण्यांवर 'विविधतेत एकता' ही कल्पना आली: चार डोकी, एकच शरीर. बऱ्याच लोकांना त्यात ख्रिस्ती क्रूस दिसला, वाद झाला आणि २००७ पासून नृत्यातल्या हस्तमुद्रांची नाणी आली. सोबत चिठ्ठी जोडावी लागेल असं अमूर्त चित्र नाण्याला चालत नाही. त्यापेक्षा बाह्यरेषेवरूनच ओळखू येणारा प्राणी किंवा पान बरं.

तपासायची पद्धत सोपी आहे. चित्र पडद्यावर मोठं करून बघू नका. खऱ्या मापात छापा, हातभर अंतरावर धरा, मग उलटं फिरवा. प्रतीक उलटं असतानाही ओळखू आलं पाहिजे. राजमुद्रेला ही अट लावायचं कारण नाही, पण तिच्याखालची अक्षरं त्याच मापात वाचता येत नसतील तर मुद्रा मोठी करा आणि आजूबाजूची नक्षी काढून टाका.