सरल समीकरण

ज्या समीकरणात एकच अज्ञात संख्या असते आणि तिचा घात १ असतो, ते सरल समीकरण. पाठ्यपुस्तकांत त्याला एकचल रेषीय समीकरण असेही म्हणतात. अज्ञात संख्येसाठी मराठीत ‘क्ष’ लिहिण्याची वहिवाट आहे. क्षच्या जागी जी संख्या घातली असता डावी आणि उजवी बाजू सारखी होते, ती समीकरणाची उकल. मुलांची आणि बीजगणिताची पहिली गाठ बहुधा इथेच पडते.

ग्वाल्हेरच्या मुलांसाठी उदाहरणे लांबून आणायला नकोत. तिथल्या किल्ल्यावरील चतुर्भुज मंदिरात विक्रम संवत ९३३ चा, म्हणजे इ.स. ८७६ चा, शिलालेख आहे. २७० हात लांब व १८७ हात रुंद अशी फुलबाग आणि देवाला रोज ५० माळा, असे दान त्यात नोंदले आहे. २७० आणि ५० या आकड्यांतल्या शून्यामुळे हा लेख जगभर प्रसिद्ध झाला; वर्गात मात्र त्याचे बाकीचे आकडेही कामी येतात. बाग चौरस व्हायला रुंदी किती हात वाढवावी लागेल? १८७ + क्ष = २७०. दोन्ही बाजूंतून १८७ वजा केले की क्ष = ८३. पंधराशे माळा किती दिवसांत वाहून होतील? ५०क्ष = १५००; दोन्ही बाजूंना ५० ने भागून क्ष = ३०.

दोन पायऱ्यांच्या समीकरणात क्रमाला महत्त्व येते. थंडीत ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या बाजारातून गजक या तिळाच्या मिठाईचे तीन डबे आणि २० रुपयांची पिशवी घेतली, एकूण ५०० रुपये झाले, तर एका डब्याची किंमत किती? ३क्ष + २० = ५००. हिशेब करताना दुकानदाराने आधी तिप्पट केली, मग पिशवीचे पैसे मिळवले. उकलताना याच्या उलट जायचे: आधी २० वजा करून ३क्ष = ४८०, मग ३ ने भागून क्ष = १६०. आधी भागायलाही हरकत नाही, पण मग २० लाही भागावे लागते, आणि नवशिके नेमके तेच विसरतात. पडताळा सोपा आहे: ३ × १६० + २० = ५००.

‘बाजू बदलली की चिन्ह बदलते’ हा पक्षांतराचा नियम झटपट खरा, पण पहिल्याच दिवशी सांगू नये. दोन्ही बाजूंवर एकच क्रिया केली की समानता टिकते, हे मूळ तत्त्व. पक्षांतर हे त्याचे थोडक्यात लिहिलेले रूप. तत्त्व न कळता नियम पाठ केलेला विद्यार्थी ३क्ष = ४८० मधला ३ चिन्ह बदलून पलीकडे नेतो आणि क्ष = ४७७ लिहून मोकळा होतो. पडताळा घेण्याची सवय असेल तर अशी चूक तिथल्या तिथे सापडते.

क्ष दोन्ही बाजूंना असेल तर आधी तो एका बाजूला गोळा करावा. याचे सुरेख उदाहरण भास्कराचार्यांच्या बाराव्या शतकातील ‘बीजगणित’ ग्रंथात आहे. एकाकडे सहा घोडे आणि ३०० नाणी. दुसऱ्याकडे तसेच दहा घोडे, पण १०० नाण्यांचे कर्ज. दोघांची संपत्ती सारखी, तर घोड्याची किंमत काय? ६क्ष + ३०० = १०क्ष − १००. दोन्हीकडून ६क्ष वजा केले आणि १०० मिळवले की ४०० = ४क्ष, म्हणून क्ष = १००; प्रत्येकाची संपत्ती ९००. कर्ज ही ऋण संख्या, हे इथे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. भास्कराचार्य अज्ञाताला ‘यावत्तावत्’ म्हणत आणि त्याचे पहिले अक्षर ‘या’ लिहीत. ‘=’ हे चिन्ह पुष्कळ नंतरचे; वेल्सच्या रॉबर्ट रेकॉर्डने ते १५५७ साली छापले.

भास्कराचार्यांच्याच ‘लीलावती’त इष्टकर्म ही आणखी एक रीत आहे. मनाला येईल ती संख्या धरायची, गणित करून पाहायचे आणि उत्तर त्या प्रमाणात वाढवायचे किंवा घटवायचे. एखादी संख्या आणि तिचा चौथा भाग मिळून ३५ होतात, तर ४ धरून ५ येतात. ३५ ही ५ ची सातपट, म्हणून संख्या २८. क्षसोबत सुटी संख्या असेल तर ही रीत अशीच्या अशी चालत नाही. गजकच्या उदाहरणात आधी पिशवीचे २० बाजूला काढावे लागतील.

प्रत्येक समीकरणाला एकच उकल मिळते असे नाही. क्ष + ३ = क्ष + ५ हे कोणत्याच संख्येने जुळत नाही. २(क्ष + १) = २क्ष + २ हे मात्र कोणतीही संख्या घातली तरी खरेच ठरते; त्याला नित्य समीकरण म्हणतात.